हिरव्या दोऱ्याची बाटली

मोठ्या बाईंनी पिशवी बल्बवर चढवली, दोन्ही हातांनी खाली ओढून ताणली आणि एक डोळा मिटून तिच्याभोवती फिरायला लागल्या. कापडातून पिवळा उजेड सगळीकडे सारखा झिरपत होता. तळाच्या शिवणीपाशी मात्र एक ठिपका चमकला. सुईच्या टोकाएवढाच, पण डोळ्यात टोचेल असा.

बाईंनी त्यावर बोट ठेवलं. पिशवीची कड उलटी करून आतली गाठ पाहिली. हिरवा दोरा.

"कोणाची?"

कोणाची ते त्यांना दिसतच होतं. तरी विचारायचं, असा त्यांचाच नियम होता. लांब टेबलावरची शिवणयंत्रं एकेक करून थांबली आणि टोकाच्या यंत्रावरून त्यांची सून उठून उभी राहिली.

"माझी गाठ," ती म्हणाली.

त्या कारखान्यात गाळणपिशव्या शिवल्या जात. दूध डेअरीसाठी दुधाच्या, तेलघाणीवाल्यांसाठी तेलाच्या, रंगाच्या कारखान्यासाठी रंगाच्या. दिसायला लांबलचक मोज्यासारख्या, पण एक टाका सुटला तर मणभर रंगात खडे. म्हणून प्रत्येकीने आपल्या पिशवीच्या कडेला आतून आपल्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारायची. खोट निघाली की चारचौघींत उभं राहायचं आणि दोनच शब्द बोलायचे. यंत्र बिघडलं होतं, दोरा कुजका होता, पोर रात्रभर रडत होतं, हे काही सांगायचं नाही. पण एकदा ते दोन शब्द उच्चारले की समोरच्यानेही पुढे अवाक्षर काढायचं नाही. यातला दुसरा भाग पाळणं बाईंना फार जड जाई. नियम त्यांनीच केलेला, म्हणून गिळावा लागे.

"हल्ली या बल्बला नुसत्या चांदण्याच दिसतात," बाई बल्बला म्हणाल्या. बल्बशी बोलायला नियमाची आडकाठी नव्हती.

बायका खाली मान घालून हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली ती रेडिओ. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला आठवे. सुनेने पिशवी उचलली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरली आणि टाके उसवायला बसली.

बाईंचा रंग लाल. लाल दोऱ्यासाठी कोणी उभं राहिलेलं त्या खोलीने आजवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाईंचा मुलगा जिन्यावरून खाली आला. वर घर आणि खाली कारखाना, त्यामुळे त्याच्या पायांतल्या चपला दोन्हीकडे सारख्याच वाजत.

"आई, ऊठ. डॉक्टरांची वेळ झाली. रिपोर्ट आलेत."

बाईंनी एप्रन सोडला, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपला आणि निघाल्या. त्यांना घोर नव्हता. रिपोर्टात काय आलं असणार, हे त्यांना डॉक्टरांच्याही आधीपासून ठाऊक होतं. त्यांनीच ते ठरवलेलं होतं.

झालं होतं असं. गेल्या आठवड्यात तपासणीवाला घरी आला होता. दोघींची तपासणी केली तर एकीची अर्ध्या पैशात, म्हणून मुलाने सुनेचंही नाव घातलं. सुनेने रक्त दिलंच नाही. दिवसभर सुईशी खेळणारी बाई, पण सुई दंडाकडे वळली की तिला भोवळ येई. "लघवीची बाटली हवी तर देते," म्हणाली, आणि तेवढ्यावरच निभावलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन निघतात आणि बाईंची अक्षरांशी ओळख रस्त्यात मान डोलावण्यापुरतीच. म्हणून सुनेने कारखान्यातलीच युक्ती केली. बाईंच्या बाटलीला लाल दोरा बांधला, आपल्या बाटलीला हिरवा. तपासणीवाल्याला सांगून ठेवलं, रंग बघून नाव लिही.

त्या सकाळी न्हाणीघरात खिडकीच्या कट्ट्यावर बाईंनी आपली बाटली ठेवली आणि पाहतात तर वर फेस. विरेना. असा फेस त्यांनी आधीही पाहिला होता. नवऱ्याची साखर आधी थट्टेत गेली, मग औषधात. मग तो फेस दिसला, मग पाय सुजले आणि शेवटी आठवड्यातून तीनदा ते रक्त धुणारं यंत्र. त्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बाई बसून असत. दारातून आत मावत नव्हता तो माणूस. शेवटी दोन उशांच्या मध्ये मावला.

त्यात मुलाचं टुमणं चालूच होतं, "आई, पुरे झालं आता. किल्ल्या माझ्याकडे दे आणि स्वस्थ बस." स्वस्थ बसायला बाई काय फुलदाणी होत्या?

सुनेची बाटली शेजारीच होती. बाईंच्या हातांनी लाल दोरा सोडला, हिरवा सोडला, आणि अदलाबदल करून दोन्ही बांधले. मग डोक्याने हातांची बाजू घेतली. तिचं काय बिघडतंय? चाळिशीही न गाठलेली, धडधाकट. तिच्या नावावर वाईट आलं तर डॉक्टर म्हणतील काहीतरी चुकलंय. पुन्हा तपासतील, स्वच्छ येईल, विषय मिटेल. जन्मभर एकेक पिशवी बल्बवर चढवून पाहणाऱ्या बाईंनी त्या दुसऱ्या बाटलीकडे मात्र धड पाहिलंही नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई कोवळी होती. "या आजी, बसा," म्हणाली.

"आजी मी नातीची. तू बाई म्हण."

"बरं, बाई." तिने कागद उलटले. "रक्त चांगलं आहे. साखर थोडी वर आहे, पण हाताबाहेर नाही. लघवीत मात्र प्रोटीन जातंय. बरंच जातंय."

बाई म्हणाल्या, "कोणाच्या?"

"आई, तुझ्याच. आणखी कोणाच्या?" मुलगा म्हणाला. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

बाईंनी कागद आपल्याकडे फिरवून पाहिला.

"घाबरू नका, समजावून सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "अंगातल्या सगळ्या रक्ताच्या नळ्यांना आतून एक थर असतो. फार नाजूक. रक्तात साखर जास्त दिवस राहिली की तो थर बिघडत जातो. सुजतो, कडक होतो, खरवडल्यासारखा होतो. मोठ्या नळ्यांत ते दिसायला वेळ लागतो. पण किडनीत केसाहून बारीक नळ्यांचे पुंजके असतात. तीच आपली गाळणी. तिथला थर बिघडला की गाळणीला दम राहत नाही. जे अंगात राहायला हवं, ते बाहेर जायला लागतं."

"भोक पडतं?"

"आधी भोक नाही पडत. वीण सैल होते म्हणा."

बाईंनी मान हलवली. वीण सैल झालेली पिशवी हाताला आधी कळते, डोळ्याला मागून. "मग दुखत कसं नाही?"

"नाही दुखत. तेच तर वाईट आहे. सकाळी डोळ्यांखाली सूज येते, संध्याकाळी पाय जड होतात, माणूस म्हणतं दमलो असेन. तहान लागते. नजर अंधूक होते, कारण डोळ्याच्या पडद्यातही अशाच बारीक नळ्या असतात. सगळ्यांना चष्म्याचा नंबरच वाटतो."

"अशी पिशवी आम्ही फेकून देतो."

"ही फेकता येत नाही, बाई. नवी शिवताही येत नाही. पण आत्ता सापडली आहे. साखर धरली, रक्तदाब धरला, गोळी वेळेवर सुरू केली, तर आहे ती वर्षानुवर्षं टिकेल."

"आणि सापडलीच नसती तर?"

डॉक्टरीणबाईने मुलाकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्ही ते घरात पाहिलंय."

भिंतीवरच्या पंख्याचं तोंड एकदा इकडे वळलं, एकदा तिकडे. बाईंनी विचारलं, "दुसरा कागद? सुनेचा?"

"सूनबाईंचा? आरशासारखा. त्यांची काळजीच नको."

"चला, एकीचं तरी सुटलं," मुलगा म्हणाला आणि त्याने खुर्चीचा हात सोडला.

"एक गोष्ट मात्र मला जुळत नाही," डॉक्टरीणबाई कागदाकडेच बघत म्हणाली. "रक्तातली साखर बेताची आणि लघवीत मात्र साखरही एवढी? पुन्हा एकदा बघू. सोमवारी माणूस पाठवते. मग गोळी लिहून देईन."

परतीच्या वाटेवर बाईंच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. आरशासारखा. म्हणजे आपली गाळणी शाबूत! इतकी वर्षं साखर अंगात बाळगून शाबूत. तो फेस काय, उंचावरून पडलं की साबणाशिवायही येतो. अंगावरून मोरपीस फिरावं असा आनंद झाला त्यांना. पण उकळत्या दुधात लिंबू पडावं तसा तो तिथल्या तिथे फाटला. कारण ती दुसरी बाटली कोणाची, हे जगात त्यांना एकटीलाच ठाऊक होतं.

निदान त्यांना तसं वाटत होतं.

घरी सून ओट्याशी चहा करत होती. मुलाने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सुनेचा चमच्याचा हात थांबला.

"आईंच्या रिपोर्टात आलं?"

"आईच्या."

"आणि माझ्या?"

"तुझा आरशासारखा म्हणाल्या."

सुनेने गॅस बारीक केला. होता त्याहून बारीक होणार नव्हता, तरी ती बराच वेळ ते बटण फिरवत राहिली. मग तिने बाईंचा चहा बिनसाखरेचा ओतला आणि आपल्या कपात दोन चमचे घातले. बाईंची नजर त्या चमच्याबरोबर डब्यात गेली, कपात आली, पुन्हा डब्यात गेली.

"तो कप इकडे आण."

"आई, तो गोड आहे."

"म्हणूनच आण." बाईंनी कप घेतला आणि मोरीत ओतून दिला. "आजपासून या घरात साखर नाही. मी एकटीनेच का म्हणून कडू प्यायचं?"

नात दारातून म्हणाली, "आजी, बिस्किटंपण नाही?"

"तुला आहेत. तुझ्या आईला नाहीत."

"ही कुठली शिक्षा?" मुलगा हसला. मग हसू आवरून त्याने हात पुढे केला. "आई, किल्ल्या दे. तू आता जिना चढायचा-उतरायचा नाहीस, आणि बल्बपाशी तासन्‌तास उभंही राहायचं नाहीस. उद्यापासून मी बघतो."

ज्या किल्ल्यांसाठी एवढा उपद्व्याप केला, त्या बाईंनी कमरेच्या काढल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या. भांडण होणार म्हणून तयारीत असलेला मुलगा गोंधळून बघतच राहिला. आई एका शब्दाने किल्ल्या देते म्हणजे खरंच आजारी आहे, अशी त्याची खात्रीच पटली.

पुढचे दिवस बाई सुनेच्या मागावर राहिल्या. कोणी चोराच्याही मागे राहणार नाही, अशा. आणि जिथे बघाव्यात तिथे त्यांना आपलीच वाक्यं सांडलेली सापडायला लागली. सकाळी सुनेच्या डोळ्यांखाली फुगवटा. त्यावर त्या गेली दोन वर्षं म्हणत होत्या, "झोपून झोपून डोळे सुजले राणीसाहेबांचे." तिच्या यंत्राशेजारी पाण्याची मोठी बाटली, दुपारपर्यंत रिकामी. "हिचं यंत्र तळ्याकाठी मांडा रे." सुई ओवायला लेकीला हाक. "पोटची पोर आणि पगारी मदतनीस, दोन्ही एकच." संध्याकाळी सुनेने मोजे काढले तर पोटरीवर खोल वळ, बोट फिरवलं तर खड्डा राहावा असा. बाईंनी नजर वळवली. त्यावर त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. त्यांच्या नजरेतून सुटलेलं ते एवढं एकच होतं.

मग आठवलं ते सगळ्यांत जुनं. नातीच्या वेळी सुनेला साखर निघाली होती. बाळंतपण झाल्यावर पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, "काही नको. पोर बाहेर, साखर बाहेर." वाक्य इतकं झकास जमलं की घरात सगळ्यांनी ते पाठ केलं. नात आता आईच्या खांद्याला लागली होती. पुन्हा कोणी दाखवायला गेलं नव्हतं.

शनिवारी कारखाना सुटल्यावर त्या सुनेपाशी गेल्या. सून दोऱ्याची रिळं डब्यात लावत होती.

"चल, तुझं रक्त तपासून आणू."

"सुई नको, आई."

"सुई नको तर बाटली दे."

"बाटली दिली की मी." सुनेने हिरवं रीळ डब्यात ठेवलं. "स्वच्छ आली ना ती."

"पुन्हा द्यायची."

"का?" तिने मान वर केली. "माझ्यात काय खोट दिसली तुम्हाला?"

नजर सरळ होती. जरुरीपेक्षा थोडी जास्तच वेळ सरळ राहिली. बाईंनी टेबलावरचं एक रीळ उचललं आणि परत ठेवलं. काय सांगायचं? माझ्या अंगात कीड असेल या भीतीने ती तुझ्या नावावर लोटली, आणि तुझीच निघाली? रेडिओला कळलं की सूर्य मावळायच्या आत सगळ्या गल्लीत बातमी. सासवा सुनांचे दागिने ढापतात, हिने लघवी ढापली! तोंडावर कोण हसणार नाही? आणि मागून कोण हसायचं राहील?

"खोट नाही," त्या म्हणाल्या. "सहज म्हटलं."

"सहज," सून म्हणाली आणि तिने डब्याचं झाकण लावलं.

सोपी वाट एक होती. ती बाईंना अंथरुणावर पडल्या पडल्या स्वच्छ दिसत होती. सोमवारी तपासणीवाला येईल. आपली खरीखुरी बाटली द्यायची. ती आरशासारखी येईल. डॉक्टरीणबाई म्हणेल, तरीच, मला जुळत नव्हतं, पहिल्या वेळी गफलत झाली. मुलगा किल्ल्या परत देईल, साखरेचा डबा फळीवर परत येईल. सगळं जिथल्या तिथे. फक्त सुनेच्या अंगातली गाळणी मुकाट गळत राहील, आणि एक दिवस कोणीतरी त्या स्टुलावर बसेल. कोण बसेल? नात. बाईंनी कूस बदलली. कूस बदलल्याने वाट बदलत नाही, हे त्यांना कळत होतं.

सोमवारी तपासणीवाला कारखान्याच्या दारातूनच आत आला. खांद्याला पिशवी, हातात एकच रिकामी बाटली.

"एकच?" बाईंनी विचारलं.

"एकच, बाई. तुमचीच."

बाटली घेऊन बाई वर जायला वळल्या. जिन्याची एक पायरी चढल्या आणि थांबल्या. समोर यंत्रं खडखडत होती. बल्बपाशी त्यांच्या जागेवर मुलगा उभा होता, दोन्ही डोळे उघडे ठेवून पिशव्या तपासत होता. दोन्ही डोळ्यांनी बारीक भोक दिसत नाही, हे त्याला हजारदा सांगून झालं होतं. टोकाला सून. कापड नाकाला लागेल इतकं जवळ धरलेलं.

बाई पायरी उतरल्या. बल्बपाशी आल्या.

"सरक."

"आई, तुला सांगितलं ना, उभं—"

"सरक म्हटलं."

तो सरकला. त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. बल्ब उघडाच होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची सावली मागच्या भिंतीभर पसरली. एकेक यंत्र थांबलं. कोणाची तरी खोट निघाली, एवढंच सगळ्यांना वाटलं, आणि प्रत्येकीने मनातल्या मनात आपले कालचे टाके आठवले.

बाईंनी "कोणाची" असं विचारलं नाही.

"माझी गाठ," त्या म्हणाल्या.

मग रेडिओ उठली. "कुठली पिशवी हो बाई? डेअरीकडून परत आली का?" बायका बाईंच्या हातांकडे बघायला लागल्या. हातात पिशवी नव्हती. रिकामी बाटली होती.

"पिशवी नाही. बाटली," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त त्यातला तिखटपणा कोणी तरी काढून घेतला होता. "लाल दोऱ्याची बाटली माझी नव्हती. दोरे मी बदलले. कागदावर जे माझं आलंय, ते हिचं आहे."

मुलाने बाटलीकडे पाहिलं, आईकडे, मग बायकोकडे. सून केव्हाच उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. बाईंना ते सगळ्यांत आधी दिसलं.

"तुला ठाऊक होतं?"

"बाटल्या मीच त्यांच्या हातात दिल्या, आई." सुनेने तपासणीवाल्याकडे मान वळवली आणि परत आणली. "माझी गाठ ओढली की सुटते. म्हणून तर तुम्ही मला इतकी वर्षं बोलता. त्या दिवशी हिरव्या दोऱ्याची गाठ ओढून पाहिली. हलेना. लाल दोऱ्याचीही हलेना. म्हणजे दोन्ही गाठी माझ्या नव्हत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, माझंच चुकलं असेल गाठ ओळखायला." ती थांबली. तिने टेबलाची कड धरली. "चुकलेलंच असावं, असं वाटत होतं."

मुलाचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

"म्हणजे आई, तू स्वतःच्या—"

"गाठ म्हणून झालीये," मागून आवाज आला. रेडिओ. ती आपल्या जागेवर बसून यंत्रात दोरा ओवत होती, वर न बघता. "आता पुढे बोलायचं नाही."

मुलगा बोलायचा थांबला. त्याचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

"राहू दे तुझ्याकडेच," बाई म्हणाल्या. "आणि तपासताना एक डोळा मीट."

मग त्या तपासणीवाल्याकडे वळल्या. "आणखी काय काय लागेल हिचं?"

"बाटली तर हवीच." तो अंग चोरून उभा होता. अशा घरगुती गोष्टी ऐकण्याचा पगार त्याला नव्हता. "पण खरं सांगू का, रक्तही घ्यायला हवं."

सुनेचा चेहरा उतरला. बाईंनी आपलं स्टूल पायाने ढकलत तिच्या यंत्राशी नेलं आणि तिच्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

"सुईकडे नाही बघायचं. माझ्याकडे बघ. मनातल्या मनात मला शिव्या घाल. इतक्या वर्षांच्या असतील साठलेल्या, सुई निघेपर्यंत संपायच्या नाहीत."

सून हसली नाही. पण तिने बाही वर केली.

"आधी बाटली," ती म्हणाली. "नाव नीट लागू दे."

तिने हिरव्या रिळाचा दोरा दातांनी तोडला. बाटलीच्या गळ्याभोवती दोन वेढे घेतले. दोरा निसटत होता. बाईंनी वेढ्यावर, जिथे गाठ बसते तिथे, आपलं बोट दाबून धरलं.

"ओढ," त्या म्हणाल्या.

सुनेने ओढला. दोरा बाईंच्या बोटात रुतला, कातडी पांढरी पडली. तिने आणखी ओढला.

बाईंनी बोट काढलं नाही.